खमतराई का गाळली?

"भनपुरी-भनपुरी, बिरगांव, उरलाऽ, उरला!"

मूळ पाठ एवढाच आहे. रायपूरच्या फाफाडीह चौकात, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, शेअर ऑटोचा चालक एक पाय आत आणि एक पाय डांबरावर ठेवून तो म्हणतो. मी तो लिहिलेला कुठेच पाहिला नाही. चौकातल्या खांबावर नाही आणि ऑटोच्या काचेवरही नाही. काचेवर देवाचं नाव, मुलांची नावं आणि पैसे भरायचा क्यूआर कोड, एवढाच मजकूर. चार दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाच-सहा वेगवेगळ्या गळ्यांतून मी ही हाळी ऐकली. गळा बदलला की पाठभेद होतात: एकजण भनपुरी तीनदा घेतो, एकजण बिरगाव गिळून टाकतो. पोथ्यांचे संपादक करतात तेच मी केलं आणि बहुसंख्य गळ्यांचा पाठ प्रमाण मानला.

पाच शब्द, तीन नावं, क्रियापद नाही. ह्यातला एक शब्द काढून बघा, किंवा जागा बदलून बघा. मी ऑटोत बसल्या बसल्या पुष्कळ प्रयत्न केले, एकही साधला नाही. हात लावायला जागा न ठेवणारी रचना रोज चौकात फुकट ऐकायला मिळत असताना तिच्यावर कुणी चार ओळी लिहू नयेत, ह्याचं मला वाईट वाटतं.

रायपुरात मी पर्यटक म्हणून गेलो होतो आणि मुक्काम भनपुरीला होता. ह्या दोन गोष्टी सहसा एका वाक्यात येत नाहीत. भनपुरी हा शहराच्या उत्तरेकडचा जुना औद्योगिक भाग. गोदामं, वर्कशॉप, वजनकाटे. रावाभाठ्याच्या ट्रान्सपोर्ट नगरातून निघून महामार्गावर तोंड काढणारे ट्रक. पुढे बिरगाव, जिथे आता वेगळं नगर निगम आहे. त्याच्या बाजूला उरला आणि महामार्गानं आणखी पुढे सिलतरा, म्हणजे रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नच्या भट्ट्या. झाडांची पानं वरून राखी आणि खालून हिरवी. माझी मावसबहीण लग्न होऊन इथे आली त्याला बरीच वर्षं झाली. भाऊजी उरल्याच्या एका कारखान्यात आहेत. पहिल्या सकाळी मी बाहेर पडायला लागलो तशी ताई म्हणाली, "अरे, ओला बोलव ना. त्या ऑटोत कोंबून नेतात." भाऊजी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "जाऊ दे गं त्याला. शहर बघायला आलाय ना तो?" छत्तीसगढीत 'ओला' म्हणजे 'त्याला' हे मला नंतर कळलं. कळल्यावर ताईचं वाक्य फारच वेगळं ऐकू यायला लागलं.

आधी ताल बघू. 'भनपुरी' ह्या शब्दाच्या मात्रा मोजा: भ एक, न एक, पु एक, री दोन. पाच. आणि त्या पडतात कशा, तर भन-पुरी, दोन-तीन. दुसऱ्यांदा भनपुरी, पुन्हा दोन-तीन. बिर-गांव, दोन-तीन. उर-लाऽ, इथे 'ला' लांबवून तीन मात्रांचा केला जातो, म्हणून पुन्हा दोन-तीन. तबल्याशी ज्यांचा थोडाफार संबंध आला असेल त्यांच्या बोटांनी एव्हाना ओळखलं असेल: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. झपताल. दहा मात्रांची दोन आवर्तनं चौथ्या शब्दापाशी पुरी होतात आणि शेवटचा आखूड 'उरला' बरोबर समेवर येऊन पडतो. तो लांबवत नाहीत, तोडतात. तिथेच हात खाली येतो आणि गिअर पडतो. चालक झपताल शिकलेला नाही, हे मला मान्य आहे. पण जात्यावर ओवी म्हणणारी बाई तरी छंदःशास्त्र कुठे शिकली होती?

लांबवायला त्यानं निवडलेला स्वरही बघण्यासारखा आहे. भनपुरीतली 'री' बारीक आहे, ती हॉर्नच्या गर्दीत टिकत नाही, म्हणून तिथे लांबवणी नाही, पुनरुक्ती आहे. उरल्यातला 'ला' उघडा आकार आहे. तो खेचला तर रस्त्याच्या पलीकडे जातो. बिरगावाच्या शेवटी 'व' आहे, ओठ मिटायला लावणारा. तो म्हणायला गेलं की तोंड मिटतं आणि दम तिथे तुटतो, म्हणून बिरगाव मध्ये आणि एकदाच. ज्या नावात आवाज टाकता येतो त्यालाच शेवटची जागा. आपल्याकडचे भाजीवाले 'मेथी' म्हणताना 'थी' कशी वर नेतात ते आठवावं.

मराठी कानाला मात्र ह्या हाळीत आणखी एक गोष्ट मिळते, जी तिच्या कर्त्यांच्या मनातही नाही. पहिल्या दिवशी स्टेशनवरून येताना, सामान हातात, फाफाडीहला मला फक्त शेवटचा शब्द नीट ऐकू आला. "उरला, उरला!" मला वाटलं, हा गृहस्थ मराठीत सांगतोय की एकच उरला, एकाचीच जागा आहे, या लवकर. मी धावत जाऊन बसलो. ऑटो रिकामा होता. भरायला पंधरा मिनिटं गेली आणि तेवढा वेळ तो माझ्या डोक्यावर "उरला, उरला" म्हणत राहिला आणि उरलेला मीच होतो. इथल्या कुणालाही हा विनोद समजावता येत नाही. ताईला सांगितला तर ती म्हणाली, "आम्हाला आता असलं काही ऐकू येत नाही." इतक्या वर्षांत तिच्यासाठी उरला हे फक्त नवऱ्याच्या कारखान्याचं ठिकाण झालंय.

नावांवरून आठवलं. परक्या शहरात फिरणाऱ्यानं थांब्यांची नावं तोंडातल्या तोंडात घोळवावीत, त्यांत त्या भागाची जमीन सापडते. छत्तीसगढी शेतकरी मातीचे चार प्रकार सांगतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. भाठा म्हणजे उंचावरची, मुरमाड, लालसर, धान न धरणारी जमीन. आता रावाभाठा हे नाव घ्या आणि तिथे ट्रक का उभे आहेत ते बघा. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवं आंतरराज्य बस टर्मिनल झालंय, तेही भाठागावला. ज्या जमिनीत धान होत नव्हतं तिथे चाकं आली. तळ्याला इथे तरिया म्हणतात. खमतराई, सिलतरा ही नावं मी म्हणतो तेव्हा मला त्यांत तेच पाणी वाजतं. तेलीबांधा तर उघडच तळं आहे, त्याच्या काठाला हल्ली लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. फाफाडीहमधला 'डीह' म्हणजे जुन्या वस्तीची जागा. आणि वस्तीला, मोहल्ल्याला, पारा. बुढापारा, मौदहापारा, टिकरापारा. ह्यांतच एक तात्यापारा आहे. तिथे उतरल्यावर मला उगाच कुठल्यातरी तात्यांच्या अंगणातला पार दिसायला लागला. भोसल्यांचं राज्य इथे होतं, बिंबाजी भोसले रतनपुरावरून कारभार पाहत होते, 1935 पासून इथे महाराष्ट्र मंडळ आहे, त्यामुळे तात्या इथे आले ह्यात नवल नाही. पण चालकाच्या तोंडी 'तात्यापारा' फाफाडीहइतकाच निर्विकार येतो, ते मला जास्त आवडलं.

भनपुरीबद्दल एक कानाची चूक कबूल करतो. जुन्या मराठीत 'भणे' म्हणजे म्हणे, बोले. महानुभावांच्या पोथ्या वाचलेल्या माणसाला भनपुरी ही बोलणारी पुरी वाटली तर त्याला हसू नये. व्युत्पत्ती म्हणून हे कुठेही सांगू नये.

आता क्रियापद. ते नाही, हे मी वर म्हटलं. आपल्या एसटी स्थानकावरची घोषणा आठवा. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी सुटली तेव्हापासून कधीतरी ती घडत गेली असेल, आणि तिच्यात सगळं व्याकरण शाबूत आहे: अमुक मार्गे, तमुककडे जाणारी, फलाट क्रमांक इतका, लागलेली आहे. 'मार्गे' हा शब्द मला फार प्रिय आहे. इतक्या सभ्यपणे वळसा सांगणारा दुसरा शब्द मराठीत नसेल. पण ती घोषणा गाडीबद्दल आहे. गाडी कर्ता आहे. भनपुरीच्या हाळीत गाडी कुठेच नाही. जायचं कुणाला, नेणार कोण, सुटणार कधी, काही नाही. नुसती गावं हवेत उभी केली आहेत. मुंबईच्या लोकलची पाटी ह्या हाळीच्या जास्त जवळची आहे. एक अक्षर, जलद की धीमी, किती डब्यांची. पण ती वाचायला शिकावं लागतं. बेस्टच्या बसवर समोर मोठ्या देवनागरीत आकडा असायचा, त्यानं परगावचा माणूस बावरायचा आणि आपल्याला उगाच घरचं वाटायचं.

नुसत्या नावांच्या यादीनं मराठी माणसाच्या पोटात काहीतरी हलतं, ह्याचं कारण मी शोधत होतो, ते मला भनपुरीच्या उड्डाणपुलाच्या कोंडीत सापडलं. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. बघा, हिच्यातही क्रियापद नाही. आणि ज्यानं एकदा पालखीबरोबर पावलं टाकली आहेत त्याला ह्यातलं प्रत्येक नाव म्हणजे ऊन, चिखल, पिठलं आणि पायाचा फोड. यादी त्याच्यासाठीच भरलेली असते जो त्या वाटेनं चाललाय. फाफाडीहची हाळीसुद्धा त्यांच्यासाठी आहे ज्यांना भनपुरीचं गोदाम, बिरगावची खोली आणि उरल्याचं गेट माहीत आहे. शिफ्ट सुटायच्या वेळेला तिला वेगळाच अर्थ असतो. तेव्हा कुणी ती ऐकतसुद्धा नाही, आवाजाच्या दिशेनं नुसते चालत येतात.

इथेच पर्यटकाची गोची आहे. त्याचा थांबा कुणी पुकारत नाही.

मला बघायचं होतं महंत घासीदास स्मारक संग्रहालय. 1875 साली स्थापन झालेलं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. राजनांदगावच्या राजे महंत घासीदासांच्या नावाचं. आत्ताच्या इमारतीचं उद्घाटन 1953 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं. मी भनपुरीला चालकाला हे सगळं नाव सांगितलं. त्यानं सहानुभूतीनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "अजायबघर?" दुसरा म्हणाला, "कलेक्टोरेट के पास." तिसऱ्यानं निकाल दिला: "घड़ी चौक." चालकाचा चेहरा उजळला. "तो ऐसा बोलो ना!" म्हणजे आपल्याला हवं ते ठिकाण आधी त्यांच्या यादीतल्या नावात भाषांतरित करून घ्यायचं, मग बसायचं. अनुवाद चुकला तर दोन किलोमीटर चाल. सार्वजनिक वाहनानं हिंडणाऱ्या पर्यटकाचा निम्मा दिवस ह्या अनुवादात जातो, आणि माझं मत विचाराल तर तोच दिवसाचा चांगला निम्मा. नकाशाच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवून थेट दारात उतरणाऱ्याला घासीदास संग्रहालय मिळतं, पण अजायबघर मिळत नाही.

संग्रहालयात मी गेलो होतो सिरपूरच्या कांस्यमूर्ती बघायला. त्या सुंदर आहेत, त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिलंय. माझा वेळ गेला एका लाकडापाशी. किरारी गावच्या हिराबंध तळ्यात 1921 मध्ये हा खांब सापडला. पाणी आटलं होतं आणि लोक गाळ काढत होते. सुमारे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा, अंगभर ब्राह्मी अक्षरं. सतराशे वर्षं चिखलात टिकलेलं ते लाकूड उन्हात वाळायला लागलं तसे पापुद्रे सुटले आणि अक्षरं गळून गेली. गळण्याआधी गावातल्या एका पंडितानं ती जशी दिसली तशी कागदावर उतरवून ठेवली होती, म्हणून आज आपल्याला त्यात काय होतं ते कळतं. आणि काय होतं? यादी. नगररक्षी, सेनापती, प्रतिहार, भांडागारिक, हत्तीवरचा, घोड्यावरचा, रथी, धावक, पत्रं नेणारा लेखहारक. यानशाला, म्हणजे वाहनांचा वाडा, सांभाळणारासुद्धा त्यात आहे. बहुधा एखाद्या समारंभाला कोण कुठे उभं राहणार ह्याची ती तजवीज असावी असं अभ्यासक मानतात. क्रियापदाची गरज त्यांनाही भासली नाही. मी खांबासमोर उभा राहून वहीत भनपुरीची हाळी उतरवली, मात्रांसकट. रखवालदाराला वाटलं मी ब्राह्मी वाचतोय.

उतरवून ठेवण्यात माझी थोडी घाईही होती. ह्या शहरानं एक यादी माझ्या आधीच गमावली आहे. 1900 साली सुरू झालेली रायपूर-धमतरी नॅरोगेज तेलीबांधा, माना, केंद्री, अभनपूर, कुरूद करत जायची. शहरातले रूळ उखडून त्या पट्ट्यावर एक्स्प्रेस वे झाला. मार्च 2025 पासून अभनपूरला मेमू धावते, पण मंदिर हसौदवरून, नव्या रायपूरला वळसा घालून. जुन्या क्रमानं ती नावं आता म्हणायला कारण उरलं नाही.

जगातल्या मोठ्या शहरांनी ह्या हाळीची जागा कशाकशाला दिली ते बघण्यासारखं आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकनं केलेला नकाशा 1933 मध्ये छापून आला. त्यानं अंतरं आणि वळणं फेकून दिली, क्रम तेवढा ठेवला. आमचा चालक तेच करतो. त्याच्याही तोंडी फाफाडीह ते भनपुरी आणि बिरगाव ते उरला ही अंतरं सारखीच आहेत. मेक्सिको सिटीची मेट्रो 1969 ला सुरू झाली तेव्हा लान्स वायमननं प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिलं, वाचता न येणाऱ्यालाही उतरता यावं म्हणून. टोकियोत गाडी सुटताना धून वाजते. ताकादानोबाबा स्थानकात ॲस्ट्रो बॉय ह्या कार्टूनची. दिल्लीच्या मेट्रोत शम्मी नारंग आणि रिनी सायमन खन्ना ह्यांचे मुद्रित आवाज पुढच्या स्थानकाची नावं सांगतात, इतक्या शुद्ध उच्चारांत की ती नावं इस्त्री करून ठेवल्यासारखी वाटतात. ह्या सगळ्यांत मला वायमनची चित्रं सगळ्यांत मोठ्या मनाची वाटतात. बाकीच्यांविषयी आदर आहे. पण मुद्रित आवाजाला गर्दी दिसत नाही. रिकाम्या डब्यातही तो तितक्याच उत्साहानं स्थानक सांगतो. फाफाडीहची हाळी ऑटो भरत आला की हळू होते, शेवटचा माणूस चढला की मधेच, 'बिर' वर सुद्धा, तुटते. ऐकणारा नसताना ती म्हटलीच जात नाही.

एवढं कौतुक केलं तरी एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. मी सुट्टीवर होतो. भरायला लागलेली पंधरा मिनिटं मला निरीक्षणाला मिळाली. शिफ्टला उशीर होणाऱ्याच्या पगारातून ती जातात. ज्याला ऐकू येत नाही त्याला ह्या कवनाचा काय उपयोग? रात्री दहानंतर एकट्या बाईला हाळीतला झपताल नको असतो. तिला वेळ लिहिलेला फलक, उजेड आणि भरवशाची बस हवी असते. ताईनं हे मला पहिल्याच दिवशी सुचवलं होतं, मी ते विनोदात काढलं. दहा लाखांच्या वरचं शहर, 1 नोव्हेंबर 2000 पासून राज्याची राजधानी, ते गळ्याच्या जोरावर चालावं ह्यात रसिकांनी तरी फार खूश होऊ नये. तरीही, उद्या फलक लागला तर त्यावर 'भनपुरी' एकदाच लिहिलेलं असेल, ह्याची चुटपुट मला लागणारच.

ऑटोच्या आतली भाषा वेगळी. बाहेर नावं आणि आत सगळी क्रियापदं. त्यातलं राज्य करणारं क्रियापद म्हणजे 'घुच'. घुच म्हणजे सरक. "थोरकुन घुच ना, दाई." आमच्या 'घूस'च्या अगदी शेजारचं आणि अर्थानं बरोबर उलटं: घूस म्हणजे दुसऱ्याची जागा घे, घुच म्हणजे दुसऱ्याला जागा दे. ऑटोत दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात आणि इथे त्यातल्या दुसरीला नाव आहे. 'घुच' ऐकल्यावर कुणी वाद घालत नाही. चौथा माणूस बसतो, बाईच्या मांडीवरची पिशवी माझ्या मांडीवर येते, पोरगं चालकाच्या शेजारी जातं. होकाराला 'हव'. नागपूरकडच्या 'हौ'चा सख्खा भाऊ, म्हणून पहिल्या दिवसापासून तो मला बेमालूम जमला. अनेकवचन करायचं तर नामाला 'मन' जोडायचं: लइका मन, म्हणजे मुलं. मराठी कानाला वाटतं, मुलांचं मन. कुणी "सवारी मन बइठ गे" म्हणालं की मी सुखावायचो, अर्थ मात्र एवढाच की प्रवासी बसले.

आता खमतराई.

फाफाडीहवरून बिलासपूर रस्त्याला लागलं की आधी खमतराई येते, मग भनपुरी. ऑटो तिथे थांबतो, रोज थांबतो, माणसं चढतात-उतरतात. तरी हाळीत ती नाही. एकाही पाठात नाही. कुठल्याही रचनेत काय आहे ह्यापेक्षा काय गाळलंय ते आधी बघावं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझं लक्ष तिथे होतं, आणि दुसऱ्या दिवशी मला कारणही सापडलं होतं. पैसा. खमतराईचा प्रवासी जवळचा. भाडं थोडं, जागा तेवढीच अडवणार. उरल्याचा लांबचा, म्हणून तो दोनदा आणि लांबवून. भनपुरी मधली, पण गर्दीची, म्हणून दोनदा. म्हणजे पाठातली प्रत्येक पुनरुक्ती भाड्याच्या प्रमाणात आहे आणि प्रत्येक मौनही. मी हे वहीत नीटनेटकं लिहिलं, खाली रेघ मारली. मात्रांच्या हिशेबातही ते बसत होतं: ख-म-त-रा-ई, सात मात्रा, झपतालात ती घुसवायची म्हणजे एक अख्खा विभाग मोडायचा. अर्थ आणि छंद दोन्ही एकाच बाजूला साक्ष देतात असं समीक्षकाच्या नशिबी क्वचित येतं.

शेवटच्या संध्याकाळी परतताना ऑटो भरायला वेळ लागत होता आणि मी पुढे, चालकाच्या डाव्या हाताला बसलो होतो. पन्नाशीचा माणूस, गळ्यात गमछा, आवाज थोडा बसलेला. त्यानं हाळीच्या दोन फेऱ्या केल्या. मी हिंदीत विचारलं, भैया, खमतराईचं नाव का घेत नाही? लांबची सवारी आधी भरायची म्हणून ना?

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं ते त्याला कुणी कधी विचारलं नसावं. मग हसला.

"खमतराई वाला मन बिना चिल्लाए आ जाथें।"

आणि क्लच दाबता दाबता, जणू उरलेला अर्धा भाग राहून गेला म्हणून: "उरला जाही के नइ जाही, ओला बताए बर परथे।"

खमतराईवाले न ओरडताच येतात. इथून उत्तरेकडे जाणारं कुठलंही चाक खमतराईवरूनच जाणार, हे त्यांना ठाऊक आहे. उरल्याला जाईल की नाही जाणार, ही शंका असते; बिरगावला वळायचं की नाही हा चालकाचा निर्णय आहे, म्हणून ते सांगावं लागतं. ओला, म्हणजे त्याला, सांगावं लागतं.

मी वही काढली आणि रेघ मारलेला परिच्छेद खोडला. ऑटो खमतराईला थांबला तेव्हा रस्त्याच्या कडेला तिघंजण उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, चालकानं काही सांगितलं नाही, दोघं मागे बसले आणि एकजण माझ्या शेजारी. भनपुरी आली. उतरण्यासाठी मला त्याला 'घुच' म्हणावं लागलं.